दोन टोल्या आणि मूठभर पीठ



वर्ष 'ब' मधील सामान्य काळाच्या ३२ व्या रविवारी ख्रिस्तसभा एकाच मिस्सामध्ये दोन विधवांना आपल्यासमोर आणते. पहिल्या वाचनात सारफथची विधवा (१ राजे १७:१०-१६) आणि शुभवर्तमानात मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या टाकणारी विधवा (मार्क १२:३८-४४). दोघींची नावे बायबलमध्ये नाहीत. दोघींजवळ होते ते इतके थोडे की त्याला दान म्हणावे की नाही, असाच प्रश्न पडावा. हे दोन उतारे आज आपण जरा सावकाश पाहू या.

सारफथ हे गाव इस्राएलमध्ये नव्हते. ते समुद्रकिनारी, सिदोनच्या मुलखात होते. परमेश्वराच्या संदेष्ट्यांच्या जिवावर उठलेली ईजबेल राणी ही सिदोनच्याच राजाची मुलगी. तिच्या माहेरच्या मुलखात, एका परधर्मी बाईच्या दारी परमेश्वराने एलियाला पाठवले. पुढे नाझरेथच्या सभास्थानात प्रभू येशूने हीच आठवण करून दिली (लूक ४:२६) तेव्हा ऐकणारे संतापले होते.

दुष्काळ पडलेला. वेशीपाशी ती काटक्या गोळा करीत होती. एलियाने आधी पाणी मागितले. ती आणायला निघाली, तोच त्याने भाकरही मागितली. तिने खरे ते सांगितले : मडक्यात मूठभर पीठ आहे, कुपीत थोडे तेल आहे, ते रांधून मी आणि माझा मुलगा खाऊ आणि मग मरू. यावर एलिया म्हणतो, भिऊ नको, पण आधी माझ्यासाठी एक लहानशी भाकर करून आण.

हा 'आधी' शब्द आपल्याला खटकतो, आणि तो खटकायलाच हवा. भुकेल्या आईकडे देवाच्या माणसाने स्वतःसाठी आधी मागावे? पण एलियाची स्थिती काय होती तेही पाहा. करीथ ओहोळाचे पाणी आटले म्हणून तो तिथून निघाला होता. तोही रिकाम्या हातानेच आला होता. आणि भाकर खाऊन तो पुढच्या गावी निघून गेला नाही. तो तिच्याच घरी राहिला, त्याच मडक्यातले खाल्ले. पाऊस पडेपर्यंत पीठ सरणार नाही असे वचन त्याने दिले होते; ते खोटे ठरले असते तर तोही उपाशी मेला असता.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मडके काठोकाठ भरले असे कुठेच लिहिलेले नाही. ते रिकामे झाले नाही, एवढेच. म्हणजे रोज सकाळी त्या बाईला तळाशी हात घालावा लागला असेल आणि रोज पुन्हा विश्वास ठेवावा लागला असेल. महिन्याचा शिधा भरून ठेवायची सवय असलेल्या आपल्याला हे जड जाईल.

आता यरुशलेमकडे वळू या. मंदिरात कर्ण्याच्या आकाराच्या १३ दानपेट्या होत्या असे यहुद्यांच्या मिश्ना या ग्रंथात सांगितले आहे. येशू त्यांच्यासमोर बसला होता. विधवेने टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे दोन लेप्टा, ही सर्वांत लहान तांब्याची नाणी. १२८ लेप्टांचा एक दिनार होई, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे तिने दिला तो दिवसाच्या मजुरीचा ६४ वा भाग. आज मजुराला ६४० रुपये रोज मिळतो असे धरले तर फक्त दहा रुपये! नाणी दोन होती, एक ठेवून घेता आले असते.

मात्र हा उतारा दानपेटीपासून वाचायला सुरुवात करू नये असे आम्हांला वाटते. उपासनेतील वाचन ३८ व्या ओवीपासून सुरू होते ते उगाच नाही. तिथे येशू लांब झगे घालून मिरवणाऱ्या, विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कडक शब्दांत टीका करतो. लगेच एक विधवा येते आणि आपली सगळी उपजीविका टाकून जाते. तिच्या श्रद्धेची थोरवी येशूने सांगितली यात शंका नाही. पण तिला या दशेला आणणाऱ्यांनाही त्याने सोडलेले नाही. म्हणून ही कथा गरिबाकडून आणखी काढून घेण्यासाठी कोणी वापरू नये.

आद्य ख्रिस्ती लोकांनी हे ओळखले होते. संत जस्टिन यांनी सुमारे इ. स. १५५ मध्ये रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. ऐपत असलेले लोक स्वखुशीने देत, ते प्रमुखापाशी जमा होई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परके यांना मदत होई. म्हणजे विधवा दानाच्या यादीत होती ती घेणारी म्हणून. संत पौलही करिंथकरांना लिहितो की, जवळ जे आहे त्या मानाने दिलेले देवाला मान्य होते, जे नाही त्या मानाने नव्हे (२ करिंथ ८:१२).

थोडक्यातून देण्याचे एक सुंदर उदाहरण आपल्याच देशात मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन बंधुभगिनींकडे आहे. तेथील स्त्रिया स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातले मूठभर बाजूला ठेवतात आणि ते चर्चला देतात. या प्रथेला 'बुहफाइ थाम' म्हणतात. ती १९१० साली सुरू झाली.

आपल्या मिस्सामध्येही अर्पणाच्या वेळी फादर द्राक्षारसात पाण्याचा एक थेंब घालतात. पुष्कळदा आपले तिकडे लक्ष नसते. त्याच वेळी आपण खिशात सुट्टे पैसे शोधत असतो! कार्थेजचे महागुरू संत सिप्रियन यांनी तिसऱ्या शतकात त्याचा अर्थ सांगितला : द्राक्षारस म्हणजे ख्रिस्त, पाणी म्हणजे आपण लोक. एकदा मिसळल्यावर ते वेगळे काढता येत नाही.

आणि ज्या घरी सध्या मिस्साच्या अर्पणासाठीही पैसे नाहीत, त्यांच्यासाठी १९८३ च्या धर्मसभा-कायद्यातील ९४५ वे कलम माहीत असलेले बरे. अर्पण मिळाले नाही तरी भाविकांच्या, विशेषतः गरजूंच्या, हेतूंसाठी मिस्सा अर्पण करावी अशी आग्रहाची शिफारस त्यात धर्मगुरूंना केलेली आहे. तेव्हा आजारपणासाठी किंवा मृतांसाठी मिस्सा सांगायची असेल तर संकोच न करता फादरांना येऊन भेटावे.