बारा बदामांची पुडी

वस्तीत रक्तदाब तपासायला बसलो की आम्ही गोळ्यांबरोबर खाण्याचीही चौकशी करतो. मागे एका आजींनी पिशवीतून पुडी काढून दाखवली. आत बारा बदाम. श्रावणबाळ योजनेचे पैसे आले की आणायचे आणि रोज एक भिजवून खायचा, म्हणजे डोकं शाबूत राहतं, असं त्यांना कुणी सांगितलं होतं. आणि शेंगदाणे? "ते सोडले बाई. तेलकट असतात, हार्टला वाईट."

आजींनी नेमकं उलटं केलं होतं.

दाण्याचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं, हे खरं. पण त्यातला मोठा भाग असंपृक्त. वनस्पती तुपाच्या जागी असं तेल पोटात गेलं तर रक्तातलं वाईट कोलेस्ट्रॉल उतरतं. दाण्यात स्वतःचं कोलेस्ट्रॉल तर नसतंच. 30 ग्रॅम, म्हणजे एक मूठ दाण्यांतून 7 ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात. तेवढ्याच बदामांपेक्षा थोडी जास्तच.

2015 साली अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या, बहुतेक गरीब अशा काळ्या-गोऱ्या लोकांचा आणि चीनमधल्या शांघायच्या रहिवाशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे लोक खात होते त्यात शेंगदाण्यांचा वाटा मोठा होता. जास्त खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले. केवळ दाण्यांमुळेच जीव वाचले, असं यावरून सिद्ध होत नाही. पण गरिबाच्या ताटातल्या वस्तूकडे कुणीतरी नीट पाहिलं, हे आम्हाला मोलाचं वाटतं.

डोक्याचं काय? स्पेन आणि अमेरिकेत निरोगी वृद्धांना दोन वर्षं रोज अक्रोड दिले, तरी एकूणात स्मरणशक्तीत फरक पडला नाही. मग एका बदामाने काय होणार! मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होतात त्या वाढलेल्या रक्तदाबाने, साखरेने आणि तंबाखूने. मशेरीसुद्धा तंबाखूच आहे, हे आम्ही आजींना त्याच दिवशी सांगितलं. त्या हसल्या. डबी काही दिली नाही.

दाणे भाजून, सालासकट खावेत. खारे नकोत, मिठाने रक्तदाब चढतो. मधुमेह असेल तर चिक्की नको. दात नसतील तर भाजीत, कोशिंबिरीत कूट घाला, आणि त्या दिवशी फोडणीचं तेल कमी करा. नाहीतर एक मूठ म्हणजे 170 कॅलरी वरचढ होतात. पक्षाघातानंतर गिळायला त्रास होत असेल तर अख्खा दाणा देऊच नका, घशात अडकतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दाण्यांची ॲलर्जी असेल त्यांनी हात लावू नये.

बुरशी आलेले, काळवंडलेले, कडवट दाणे मात्र सरळ फेकून द्यावेत. त्या बुरशीचं विष यकृताला घातक असतं आणि भाजून ते पुरतं जात नाही. "वाया कशाला घालवायचे" म्हणून घरातल्या बायकाच ते निवडून खातात, आम्ही पाहिलंय.

रक्तदाबाची गोळी चालूच ठेवायची, दाणे खाल्ले तरी.