शहाबादी फरशीवर चूल मांडताना

निर्णा गावातल्या आमच्या जुन्या घरात गॅस आहे, तरी ज्वारीची भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच. काकूंचा खोकला हटेना, म्हणून धुरांड्याची चूल बसवायचं ठरलं. बिनधुराच्या चुलीचं कौतुक इकडे जुनं. आमचा भाग हैदराबाद राज्यात होता तेव्हाच, 1950 च्या दशकात, हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी अशी चूल तयार केली होती. पण तेव्हा घरोघरी भुई मातीची होती, तिला विस्तवाचं भय नव्हतं. आता भुई शहाबादी फरशीची झाली, चूल तीच राहिली. चूल बसवताना जे कळलं ते असं :

1. शहाबादी फरशीला विस्तव सोसत नाही. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यातलंच, म्हणून ही फरशी इकडे सगळीकडे. पण तो थराथरांचा चुनखडक. थरांत मुरलेल्या ओलीची वाफ झाली की पापुद्रे सुटतात, एक बाजू तापून दुसरी गार राहिली की फरशी तडकते. धग 800 अंशांच्या पुढे गेली तर दगडाचा चुनाच होऊ लागतो.

2. फरशीवर आणखी एक फरशी टाकून भागत नाही. दगड धग अडवत नाही, उशिरा खाली पोचवतो एवढंच. आमच्या गवंड्यानं कोरड्या, चाळलेल्या राखेचा जाड थर दिला, त्यावर भाजक्या विटा रचल्या आणि वरून शेणमातीनं सारवलं. राखेत कोंडलेली हवाच खरी आड येते. थर किती जाड हवा, हे रोजच्या भाकऱ्यांवरून ठरवू नये. वेळअमावस्येच्या आदल्या रात्री भज्जीची, आंबिलीची मोठाली भांडी चढतात, चूल विझतच नाही. हिशेब त्या रात्रीचा धरावा.

3. चुलीखालच्यापेक्षा चुलीपुढची जागा जास्त जळते. हा तुरीचा मुलूख, जळण तुराट्यांचं. लांबलचक तुराटी अर्धी बाहेरच असते. आत सारायला उशीर झाला की जळतं टोक खाली पडतं. लोखंडी शेगडीच्या दारापुढे अमेरिकेत साधारण 16 इंच, कॅनडात 18 इंच न जळणारी जागा राखतात. पण त्या शेगड्यांना दार असतं! आमच्या चुलीला कुठलं दार? म्हणून विटांचा ओटा पुढे चांगला दोन हात वाढवला आणि निखारा घरंगळू नये म्हणून त्याला बोटभर काठ केला.

4. तापलेल्या फरशीवर ओलं फडकं फिरवू नये. घरातल्या सुनांना सांगून ठेवावं, लेकांनाही.

5. भुईइतकीच माळवदाची काळजी घ्यावी. धुराची नळी किलचनाला खेटून गेली तर लाकूड रोज थोडं थोडं भाजत राहतं, आणि असं वाळलेलं लाकूड पुढे कमी धगीलाही पेट घेतं. आम्ही साण्यातूनच नळी वर काढली, लाकडापासून लांब ठेवली. जुना अ‍ॅस्बेस्टॉसचा पाइप फुकट मिळत होता; तो घेतला नाही. कापताना त्याची धूळ छातीत जाते.

नवी चूल पेटवलीत की स्वयंपाक उरकल्यावर तासाभरानं ओट्याच्या कडेच्या फरशीला हात लावून बघा. धग तिथे उशिरा पोचते. हात टेकवत नसेल, तर चूल उचलून राखेचा थर वाढवा.