अंधारात टीव्ही पाहिल्याने डोळे बिघडतात काय?



रात्रीची जेवणं उरकली की पेठ वडगाव भागात घरोघरी टीव्ही लागतो. पोरं दिवा मालवून पुढ्यात बसली, की घरातलं वडीलधारं माणूस हमखास ओरडतं, "दिवा लावा रे, डोळं जातील!" यात तथ्य किती, ते आज आपण पाहू.

डोळ्याची बाहुली अंधारात मोठी होते, उजेडात लहान. खोली अंधारी आणि पडदा लख्ख असला, की नजरेला हा फरक सारखा सोसावा लागतो. त्यातच एकटक बघताना पापण्या कमी लवतात. एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा लवणारी पापणी निम्म्याहूनही कमी लवते. डोळ्यावरचा ओलावा सुकतो, डोळे चुरचुरतात, डोकं धरतं. पण हा नुसता शीण आहे. विश्रांती घेतली, झोप झाली, की तो जातो. अंधारात टीव्ही पाहून नजर कायमची अधू होत नाही, असेच नेत्रतज्ज्ञ सांगतात.

टीव्हीच्या भीतीला खतपाणी मिळाले ते परदेशात. १९६७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या काही रंगीत संचांतून क्ष-किरण प्रमाणाबाहेर निघतात असे आढळले. ते संच दुरुस्त करावे लागले आणि १९६८ साली तिथे त्यासाठी कायदाही झाला. आजच्या सपाट टीव्हीत ती जुनी काचेची नळीच नाही, तेव्हा तो प्रश्नही उरला नाही.

मात्र मूल टीव्हीला नाक लावून बसत असेल, तर रागावण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या. लांबचे दिसत नाही म्हणूनही ते जवळ जात असेल. मुलांना रोज दिवसाउजेडी बाहेर खेळू द्या. त्याने लांबचे न दिसण्याचा दोष लागण्याची शक्यता कमी होते.

आता खऱ्या धोक्याकडे वळू. तो घरात नाही, आपल्या फडात आहे. रात्रपाळीची वीज आली की आपण बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जातो. अंधारात उसाचं धारदार पान सप्पकन डोळ्याला लागतं. पाला काढताना, तोडणी करतानाही तेच होते. बुबुळावर ओरखडा पडतो आणि पानावरची बुरशी त्यात शिरते. दोन दिवस "कूस गेली असंल" म्हणून माणूस डोळा चोळत बसतो. मग डोळा लाल होतो, उजेड सोसत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. उशीर झाला तर फूल पडतं आणि त्या डोळ्याची नजर जाते. म्हणून एवढे पाळा :

१) रात्री पाणी पाजताना, पाला काढताना व तोडणीत साधा संरक्षक चष्मा लावा.

२) पान लागले तर डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा.

३) दूध, मध, एरंडेल, झाडपाला काही घालू नका.

४) दुकानातून मनाने थेंब आणू नका. स्टेरॉइडचे थेंब बुरशीला वाढवतात.

५) डोळा ठणकत असेल, लाल असेल, अंधुक दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा. कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय आपल्याला लांब नाही.

६) मधुमेह असणाऱ्यांनी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. ती नजर हळूहळू जाते, दुखत काहीच नाही.

टीव्ही बघताना खोलीत एक मंद दिवा असू द्या, डोळ्यांना आराम पडेल. आणि हा मजकूर घरच्यांना व तोडणीला आलेल्या टोळीलाही वाचून दाखवा. पान लागायचे भय त्यांनाच सर्वांत जास्त आहे.