आधी गरम हवेला वाट दे

अगं मनू, ते चकचकीत गोल फिल्टर एवढ्यात मागवू नकोस. तुझ्या एमजीबीला थंड हवा हवी आहे, हे तुझं निदान अगदी बरोबर. पण नुसता फिल्टर बदलून थंड हवा मिळत नसते. ती येते कुठून आणि वाटेत किती तापते, यावर सगळं अवलंबून असतं. या गाड्यांच्या बॉनेटखाली माझा बराच काळ गेलाय, म्हणून हक्काने सांगते, पैसे खर्च करायच्या आधी जरा माझं ऐक.

बॉनेट उघड आणि गाडीच्या डाव्या बाजूला उभी राहा. दीड इंची एसयू कार्ब्युरेटरची जोडी दिसेल. आता खाली वाकून बघ. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नेमका त्यांच्या पोटाखाली आहे. या बी-सीरीज इंजिनाच्या हेडमध्ये हवा आत घ्यायची आणि धूर बाहेर सोडायची तोंडं एकाच बाजूला आहेत. १९६२ साली ॲबिंग्डनला ही गाडी बनू लागली, त्याच्या कितीतरी आधीपासून हे इंजिन घरगुती सलून गाड्यांमध्ये धावत होतं. थंड देशातल्या सलूनला ही मांडणी मानवते, कारण सकाळी कार्ब्युरेटर लवकर ऊब धरतो. स्पोर्ट्स कारला मात्र तीच नडते. त्यात समोरचा रेडिएटर. त्याच्यातून तापून आलेली हवा पंखा सरळ मागे इंजिनावर ढकलतो. म्हणजे तुझे कार्ब्युरेटर जी हवा ओढतात, ती पुढून रेडिएटरने आणि खालून एक्झॉस्टने तापवलेली असते.

मूळ गाडीला फिल्टरचे पत्र्याचे दोन डबे होते, त्यांना नळीसारखी तोंडं होती. ते काढून लोक उघडे, चपटे फिल्टर लावतात आणि गाडी जोरात आवाज करायला लागली की ताकद वाढली असं समजतात. आवाज वाढतो हे खरं. पण उघडा फिल्टर चहूबाजूंनी तीच तापलेली हवा गोळा करतो. तुझे मूळ डबे शाबूत असतील तर फेकू नकोस, त्यांच्या नळीच्या तोंडाशी गार हवा नेऊन सोडणं खूप सोपं जातं.

आता थोडा हिशोब, कारण तुला आकडे आवडतात. समज, बाहेर २० अंश आहे आणि फिल्टरच्या तोंडाशी ५०. हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या उलट प्रमाणात बदलते, म्हणजे ३२३ भागिले २९३. गार हवा साधारण १० टक्क्यांनी दाट. पण ताकद १० टक्क्यांनी वाढत नाही, कारण मॅनिफोल्डमध्ये आणि सिलिंडरच्या तापलेल्या भिंतींपाशी हवा पुन्हा तापतेच. ढोबळमानाने निम्मा फायदा हाती लागतो. तुझं १७९८ सीसीचं इंजिन नवं असताना ९५ अश्वशक्तीचं सांगितलं जायचं. त्याच्या ५ टक्के म्हणजे चार-पाच अश्वशक्ती, आणि तीही ते ३० अंश तू पूर्णपणे खाली आणू शकलीस तर. मला हे थोडं वाटत नाही. चढावर वरच्या गियरमध्ये गाडी ओढते तेव्हा ते जाणवतं. शिवाय गार हवेने नॉकिंग कमी होतं, आणि तुझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ८.८ आहे, त्याला हा दिलासा हवाच आहे. पण कोणी तुला वीस अश्वशक्तीचं आमिष दाखवत असेल, तर तिथून निघून ये.

म्हणून पहिली खरेदी फिल्टरची नाही, थर्मामीटरची कर. लांब वायरचे दोन सेन्सर असलेला, साधा, स्वस्तातला. एक सेन्सर समोरच्या जाळीच्या मागे, रेडिएटरच्या पुढे बांध. दुसरा पुढच्या कार्ब्युरेटरच्या फिल्टरच्या तोंडाशी, पण कुठल्याही पत्र्याला टेकू देऊ नकोस, नाहीतर तो हवेचं नाही, पत्र्याचं तापमान सांगेल. वायर एक्झॉस्टपासून आणि पंख्याच्या पात्यांपासून लांब, नीट बांधून डॅशबोर्डवर आण. मग गाडी पूर्ण गरम होऊ दे आणि तीन वेळा वाच: मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० मैलांनी जाताना, शहरात सिग्नलला थांबत-थांबत जाताना, आणि गाडी बंद करून दहा मिनिटांनी. आकडे वाचायला शेजारी कुणाला तरी बसव, चालवताना तू बघत बसू नकोस. तिन्ही वेळेला दोन सेन्सरमधला फरक लिहून ठेव. मोकळ्या रस्त्यावर फरक लहान आणि सिग्नलला मोठा असेल, तर तुझं दुखणं गरम हवा अडकून राहण्याचं आहे. मोकळ्या रस्त्यावरही फरक मोठा असेल, तर मात्र गार हवेची वाट करावी लागेल. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि बहुतेक लोक हे न बघताच पाइप आणायला धावतात.

पहिला उपाय कमी खर्चाचा. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये पत्र्याची एक ढाल आहे आणि तिच्या जोडीला जाड, उष्णता अडवणारे फिनॉलिकचे ठोकळे. जुन्या गाड्यांत कुणीतरी ती ढाल काढून फेकलेली असते, ठोकळे तडकलेले असतात, किंवा त्यांच्या जागी नुसतं कागदी पॅकिंग असतं. ते जागेवर आण. फक्त एक काळजी घे, अगदी हात जोडून सांगते. जुन्या ढालीच्या इंजिनाकडच्या बाजूला राखाडी, तंतूंचं अस्तर असेल तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते खरवडायचं नाही, घासायचं नाही, ब्रशने झाडायचं नाही. ढाल तशीच पिशवीत बंद करून नगरपालिकेला विचारून नीट विल्हेवाट लाव आणि नवी घे. फुप्फुसात गेलेले ते तंतू सहजी बाहेर येत नाहीत.

मॅनिफोल्डवर कापडी पट्टी गुंडाळायची का, असं तू विचारलं होतंस. मला ती आवडत नाही. ती ओल धरते, आणि पातळ नळ्यांचा मॅनिफोल्ड असेल तर आतून गंजवते. वर तेल किंवा पेट्रोल ठिबकलं की ते पट्टीत मुरतं, आणि खाली निखारा आहे. मॅनिफोल्ड कधी काढावा लागलाच, तर त्याला सिरॅमिकचा लेप करून घे. खर्च होईल, पण तो एकदाच.

आता पाइप. इथे तुझी घाई मला सगळ्यात जास्त कळते, कारण समोरून गार हवेची नळी ओढून आणण्यात गंमत आहे. मापापासून सुरुवात कर. तुझं इंजिन मिनिटाला ५००० फेऱ्यांना सेकंदाला साधारण ६० लिटर हवा ओढतं. दोन इंची नळीतून ती नेली तर हवेला सेकंदाला ३० मीटरच्या वेगाने पळावं लागेल आणि नळीच तिला अडवेल. तीन इंची घे, वेग निम्म्याहून कमी होतो. नळीचं तोंड जाळीच्या मागे, रेडिएटरच्या पुढे आणि थोडं वर ठेव. खाली ठेवलंस तर पावसात पुढच्या गाडीने उडवलेलं पाणी आत येईल. नळीत जिथे खोलगट भाग राहतो तिथे पाणी निथळायला बारीक भोक ठेव. रेडिएटरच्या बाजूच्या पत्र्यातून वाट काढावी लागते. नवं भोक पाडायच्या आधी असलेली भोकं वापरता येतात का बघ. पाडलंसच, तर कापलेल्या कडेला गंजरोधक रंग दे आणि रबराची गोट बसव, नाहीतर आपल्याच हाताने गंजाला आमंत्रण.

नळी कार्ब्युरेटरपाशी आणून सोड, पण तिला घट्ट जोडू नकोस. वाऱ्याचा जोर आत कोंबून ताकद मिळेल, अशी तुझी कल्पना आहे ना? हिशोब कर. ताशी १०० किलोमीटरला समोरच्या हवेचा दाब वातावरणाच्या अर्धा टक्काही भरत नाही. फायदा नगण्य. तोटा मात्र मोठा. एसयूच्या फ्लोट चेंबरला बाहेरच्या हवेचा दाब मिळतो, आणि पेट्रोल जेटमधून वर ओढलं जातं ते अगदी थोड्याशा दाबाच्या फरकाने. तू कार्ब्युरेटरच्या तोंडाशी दाब वाढवलास आणि फ्लोट चेंबरला तो दिला नाहीस, तर वेग वाढेल तसं मिक्श्चर लीन होत जाईल. म्हणजे इंजिनाला जेव्हा पेट्रोल सर्वांत जास्त लागतं, नेमकं तेव्हा ते कमी पडेल. नळीचं टोक मूळ डब्याच्या तोंडापासून दोन-तीन बोटं लांब ठेव. गार हवेचा झोत तिथे पोचला की पुरे, लागेल तेवढी इंजिन आपली आपण घेतं.

फिल्टर काढला आहेसच तर एक गोष्ट नक्की तपास. कार्ब्युरेटरच्या तोंडाच्या सपाट कडेवर, बोल्टच्या भोकांखेरीज आणखी बारीक भोकं दिसतील. कार्ब्युरेटरमधल्या पिस्टनच्या खालच्या बाजूला हवा पोचते ती त्यांतून. फिल्टरचं पॅकिंग उलटं बसवलं की ती झाकली जातात, आणि मग पिस्टन नीट वर उचलला जात नाही. गाडी वरच्या फेऱ्यांना गुदमरते आणि माणूस नीडल, जेट, डिस्ट्रिब्युटर सगळं बदलत बसतो. बॅटरी हातात घेऊन पॅकिंगची भोकं आणि कार्ब्युरेटरची भोकं एकावर एक येतात का, ते डोळ्यांनी बघ. दोन्ही कार्ब्युरेटरना.

गार हवा आली की मिक्श्चर बदलणारच. ३० अंशांचा फरक पडला तर ते साधारण ५ टक्क्यांनी लीन होतं. म्हणून सगळं जोडून झाल्यावर ट्यूनिंग करायचंच, त्याआधी केलेलं फुकट जातं. इंजिन गरम असू दे. रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धर, दोन्हींचा फुसफुसाट सारखा येईपर्यंत थ्रॉटल जुळव. मग पिस्टन उचलायची खिळी अगदी हळू, मिलिमीटरभर वर ढकल. फेऱ्या क्षणभर किंचित वाढून पुन्हा जागेवर आल्या, तर मिक्श्चर बरोबर. वाढून वाढलेल्याच राहिल्या, तर रिच. पडल्या किंवा इंजिन बंद पडायला आलं, तर लीन. जेटखालचा षट्कोनी नट खाली फिरवला की रिच होतं, वर फिरवला की लीन. एका वेळी नटाची एकच बाजू फिरव, दोन्ही कार्ब्युरेटरना सारखंच. हे झालं आयडलचं. जोरात चालवताना काय होतं ते नीडलच्या आकारावर ठरतं, आणि त्यासाठी एकदा रोलिंग रोडवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून मोजणाऱ्या यंत्रावर, नेऊन मोजून घ्यायला हवं. तिथे पैसे दे, वाया जाणार नाहीत.

उन्हाळ्यातल्या ट्रॅफिकमध्ये गाडी बंद केल्यावर परत चालू होत नाही, ही तुझी तक्रार मात्र हवेची नाही, पेट्रोलची आहे. फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतं. आपल्याकडे खंडाळ्याच्या घाटात बाबांच्या वेळचे लोक फियाटच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे, तोच आजार. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. तू सुपर ग्रेडचं ई५ भर आणि जुन्या रबरी नळ्या काढून इथेनॉल सोसणाऱ्या आर९ दर्जाच्या घाल. जुनं रबर इथेनॉलने मऊ पडून पाझरतं. आणि फ्लोट चेंबरची ओव्हरफ्लोची नळी एक्झॉस्टपासून लांब, खालपर्यंत जाते ना, ते नवी हवेची नळी बसवताना दहा वेळा बघ. फ्लोटची सुई अडकली की तिथूनच पेट्रोल वाहतं. गाडीत अग्निशामक ठेव, आणि मागे डिकीत नको, सीटशेजारी हाताला लागेल असा.

हिवाळ्याचंही आत्ताच सांगून ठेवते. तू शेफील्डला राहतेस, स्नेक पासवर धुकं आणि ओल आहेच. पेट्रोलची वाफ होताना कार्ब्युरेटरच्या आतलं तापमान खूप खाली येतं. बाहेर पाच-सात अंश आणि हवा दमट असली की थ्रॉटलच्या पाकळीवर बर्फ धरतो. चढाला गाडी हळूहळू मरायला लागते, तू कडेला थांबतेस, पाच मिनिटांत एक्झॉस्टच्या उबेने बर्फ वितळतो आणि गाडी काही झालंच नाही अशी चालू होते. मग सगळे इग्निशनमध्ये दोष शोधत बसतात. म्हणून नळी क्लिपने अशी बसव, की ऑक्टोबर संपला की पुढचं तोंड बुचाने बंद करता येईल. त्या दिवसांत मॅनिफोल्डची ऊब तुझ्या बाजूची असते.

विमा कंपनीला बदल कळवून टाक, त्यांना लेखी हवं असतं. आणि रविवारी मोकळी असशील तर आधी ते तीन आकडे घेऊन ये. सिग्नलला आणि मोकळ्या रस्त्यावर किती फरक पडतो ते बघितल्याशिवाय मी तुला याच्या पुढचं काही सांगणार नाही.