शेल आणि स्क्रिप्टचे शब्द

युनिक्स नामक संगणक-यंत्रणेंत मनुष्याची लेखी आज्ञा वाचून ती यंत्राकडे पोंचविणारा जो दुभाषी, त्यास 'शेल' म्हणतात. नेहमींच्या आज्ञा एका फाइलींत लिहून ठेविल्या म्हणजे तिची 'स्क्रिप्ट' होते. आणि ती चालवितांना तिच्या नांवापुढें जे शब्द आपण देतों, ते तिचे 'आर्ग्युमेंट' होत. हे शब्द सर्व शेलें सारखेच वाचतात काय, हें आज आम्ही पाहूं.

१९७९ सालीं युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बॉर्न यांचें शेल प्रसिद्ध झालें. त्याच्याच वळणावर ब्रायन फॉक्स यांनीं लिहिलेलें 'बॅश' १९८९ सालीं आलें, पॉल फॉल्स्टॅड यांचें 'झेड-शेल' १९९० सालीं आणि 'फिश' २००५ सालीं. आज्ञा एकच असली तरी या मंडळींचे अर्थ मात्र भिन्न होतात.

आपल्या जिल्ह्याचे आठ तालुके घ्या: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा व वाशी. त्यांमागून नळदुर्ग आणि तेर जोडून हीं दहा नांवें क्रमानें एका स्क्रिप्टला द्या. स्क्रिप्टमध्यें डॉलरचें चिन्ह लिहून त्यापुढें इंग्रजी आंकड्यांत दहा मांडले, तर झेड-शेल 'तेर' असें उत्तर देतें. बॅश मात्र डॉलरपुढील एकच आंकडा जमेस धरितें. म्हणून तें पहिलें नांव घेऊन त्यास शून्य चिकटवितें, व 'धाराशिव०' असें विचित्र उत्तर येतें! बॅशमध्यें दहाचा आंकडा महिरपी कंसांत घालावा लागतो. फिशमध्यें तर 'आर्गव्ही' नांवाच्या यादींतून दहावा शब्द मागावा लागतो.

याहून धोक्याची गोष्ट शब्दांमधील रिकाम्या जागेची. दिलेली फाइल पुसून टाकणारी एक स्क्रिप्ट आहे, आणि तिला 'तेर अहवाल' हें नांव अवतरणचिन्हांत घालून दिलें, असें समजा. स्क्रिप्टच्या आंत पहिल्या शब्दाच्या खुणेभोंवतीं दुहेरी अवतरणचिन्हें नसतील, तर बॅश त्या एका नांवाचे दोन तुकडे करितें. 'तेर' व 'अहवाल' या नांवांच्या निराळ्या फाइली तेथें असल्या, तर त्या बिचाऱ्या नष्ट होतात, आणि जी पुसावयाची ती जशीच्या तशी राहते. झेड-शेल व फिश असे तुकडे करीत नाहींत. तथापि अवतरणचिन्हांवांचून आलेला अगदीं रिकामा शब्द झेड-शेल मुकाट्यानें गाळून टाकितें. मग दुसरा शब्द पहिल्याच्या जागीं येऊन बसतो.

२०१९ सालापासून ॲपलच्या नव्या संगणकांवर झेड-शेल हेंच मूळचें शेल असतें. पुष्कळ लिनक्स यंत्रांवर बॅश असतें. यास्तव शाळेंत चाललेली आज्ञा घरीं तशीच चालेल, असें मानूं नये.

विद्यार्थिमित्रहो, तीन नियम ध्यानांत ठेवा. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींत ती वाचणाऱ्या शेलचें नांव लिहा. प्रत्येक शब्दाची खूण दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवा. आणि पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वीं तीं नांवें एकदां पडद्यावर छापून पाहा. वर्षभराचे गुण किंवा घरचे हिशेब ज्या फाइलींत आहेत, त्या एका रिकाम्या जागेपायीं गमावणें कोणासहि परवडणार नाहीं.