‘ओआरएस’ विकत घेताना

जुलाब झालेल्या मुलास घेऊन आलेल्या पालकांना मी प्रथम विचारतो, ‘काय पाजलेत?’ ‘ओआरएस’ असे उत्तर बहुधा तत्परतेने येते. परंतु त्यावर निश्चिंत व्हावे अशी परिस्थिती आपल्या हैदराबादेत, किंबहुना देशभरच, अनेक वर्षे नव्हती. आजीच्या पिशवीतून निघे ते सफरचंदाच्या स्वादाचे, नळीने ओढून प्यायचे गोड पेय. खोक्यावर मात्र ‘ओआरएस’ ही अक्षरे ठळक असत. औषधाच्याच दुकानातून आणलेले. आजीचा त्यात काय दोष?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर जलसंजीवनीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. यातील साखर चवीसाठी नाही. आतड्याच्या पेशी ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेतात आणि त्यामागोमाग पाणी शोषले जाते. जुलाबातही ही वाट बहुतांशी शाबूत राहते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना याच तत्त्वाने वाचविले. साखर प्रमाणाबाहेर गेली की क्रिया उलटते. शरीरातील पाणी आतड्यात ओढले जाते व जुलाब वाढतात. बाजारातील त्या पेयांत साखर सूत्राच्या कितीतरी पट आणि सोडियम अपुरे असे.

आपल्याच शहरातील बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही खोके पाहून खरेदी करण्याची आपली सवय एका आदेशाने जाईल असे मला वाटत नाही. म्हणून वेष्टनावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का आणि वरील चारही घटक आहेत का, हे स्वतः वाचावे. एक लिटरची साधी पुडी त्या गोड खोक्याहून स्वस्तच पडते; सरकारी आरोग्य केंद्रात ती विनामूल्य मिळते.

पुडी घरात आली तरी निम्मे काम उरतेच. ‘थोडी आत्ता, थोडी संध्याकाळी’ अशी काटकसर येथे घातक आहे, कारण अर्धी पुडी अंदाजाने पेलाभर पाण्यात घातली तर द्रावण खारट होऊन रक्तातील सोडियम वाढू शकते. लिटरची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच, संपूर्ण, एकाच वेळी मिसळावी. माप नसल्यास पाण्याची लिटरची बाटली पुरे. चोवीस तासांनी उरलेले निःसंकोच ओतून द्यावे. लहान मुलासाठी २०० मिलिलिटरची पुडी अधिक सोयीची.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्यास १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. बाटलीने नव्हे, वाटी-चमच्याने. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा अधिक सावकाश पाजावे. ‘उलटीतून सगळे गेले’ असे मातेस वाटते, पण बरेचसे आत राहिलेले असते. स्तनपान व नेहमीचा आहार बंद करू नये. मऊ भात, वरण, दही चालते. डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंक द्यावे. ते मध्येच सोडून देणारे पालक फार. जुलाब ‘बांधणारी’ गोळी मात्र मुलांना मुळीच नको.

मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, पाणी पिईना, सहा-आठ तास लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसले किंवा उलट्या थांबेनात, तर घरचे उपाय पुरेसे नाहीत. मूल शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर वाटेतही चमच्याने पाजत तातडीने रुग्णालय गाठावे.