बऱ्या दिवशीच जपायचं

कोबे डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलंय. किटानोत, भारतीयांच्या जुन्या वस्तीत, घराबाहेर पाऊल टाकलं की चढ नाहीतर उतार. लेकीला फायब्रोमायाल्जिया आहे हे बाराव्या वर्षी कळलं, तेव्हा शाळेची ती वाटच तिला नकोशी झाली होती. रक्ताचे रिपोर्ट चांगले, एक्स-रे स्वच्छ, आणि पोर रात्रभर झोपूनही सकाळी ठणकत्या अंगानं उठायची. रिपोर्ट चांगले म्हणजे दुखणं खोटं, असं कुणी म्हणालं तर मानू नका. या आजारात मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवतात. सांधे झिजत नाहीत, पण दुखतं ते खरंच.

वाईट दिवशी आपण मुलाला जपतोच. घात होतो बऱ्या दिवशी. अंग हलकं वाटलं की साचलेला गृहपाठ, मैत्रिणी, सान्नोमियाच्या बाजारातली खरेदी, सगळं एकदम. मग कित्येक दिवस अंथरूण, आणि पडून राहून ताकद आणखी उतरते. ऑक्युपेशनल थेरपिस्टनं आधी हे चक्र मोडलं. थांबायचं ते घड्याळ बघून, दुखायला लागेपर्यंत वाट बघायची नाही. वाईट दिवशी झेपेल तेवढंच चालणं बऱ्या दिवशीही, आणि ते आठवड्या-आठवड्यानं थोडं वाढवायचं. ‘आई, अजून जमतंय गं’ म्हणणाऱ्या मुलीला थांबवणं फार जड जातं. तरी थांबवा.

जपानी शाळांत मुलंच वर्ग पुसतात. ओलं फडकं पिळताना लेकीच्या मनगटातून कळ जायची. शाळेनं मायेनं सफाईतून सूट देऊ केली. थेरपिस्ट नको म्हणाली. सगळे कामाला लागले असताना एकटीनं बसून राहणं मुलांना फार लागतं. तिनं फडकं नळाभोवती गुंडाळून, दोन्ही टोकं एकत्र धरून पिळायला शिकवलं. मनगट सरळ राहतं, जोर दंडावर येतो. घरी करून बघा.

आपल्याकडे कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं, तरी नातेवाईक विचारतातच, ‘यानं दुखणं जातं का?’ लगेच नाही. बहुतेकदा आधी शाळा सुरळीत होते, दुखणं मागाहून कमी होतं. म्हणून पहिल्या भेटीला जाताना किती दुखतं एवढंच सांगू नका. मुलानं काय काय करायचं सोडलंय, ते त्याच्याकडूनच लिहून घेऊन जा.